लॅबमधल्या ताईंना, ज्यांनी स्लाइड पुन्हा पाहिली

नमस्कार ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं आणि रिपोर्टखालची सही काही लागत नाही, म्हणून ताईच म्हणते. रात्री साडेनऊला लॅबच्या खिडकीशी फाइल छातीशी धरून उभी असलेली बाई आठवत असेल, तर ती मी.

माझ्या धाकट्या भावाचं डोकं तेव्हा अकरा दिवस ठणकत होतं. ताप जेमतेम, पण मान वाकेना, आणि अंगाला चादर लागली तरी भाजल्यासारखा ओरडायचा. सीटी स्कॅन स्वच्छ. आधीच्या ठिकाणी मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी पाठीतून काढलं, पेशी वाढलेल्या निघाल्या, रिपोर्टात न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, असं आलं आणि जिवाणूंचा मेंदूज्वर धरून अँटिबायोटिक सुरू झालं. पाच दिवसांत काडीचा फरक नाही. पाण्यातले जंतू वाढवून बघायच्या कल्चरमध्येही काही उगवलं नाही. टीबीची औषधं द्यायची का, इथवर गोष्ट आली होती.

तुमच्याकडे दुसऱ्यांदा पाणी काढलं. तुम्ही नुसत्या मोजणीवर थांबला नाहीत, काचेवर पातळ थर पसरून (स्मीअर) त्याला गीम्सा स्टेन हा रंग लावलात आणि स्वतः वर येऊन डॉक्टरांना म्हणालात, "सर, हे न्यूट्रोफिल नाहीत. इओसिनोफिल आहेत, शंभरात चाळीस." म्हणजे जंत किंवा अ‍ॅलर्जी असली की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी. मग मलाही मायक्रोस्कोपला डोळा लावू दिलात. चष्म्याच्या दोन काचांसारखं दुभागलेलं जांभळं केंद्रक आणि भोवती केशरी-लाल दाण्यांची दाटी. रंग न देता मोजलं की दोन्ही पेशी सारख्याच वाटतात, असं तुम्ही म्हणालात. एरवी या पाण्यात इओसिनोफिल जवळपास नसतातच. एका मायक्रोलिटरमध्ये १० किंवा पांढऱ्या पेशींच्या १० टक्के निघाल्या तरी त्याला इओसिनोफिलिक मेनिंजायटिस (या पेशी वाढलेला मेंदूज्वर) म्हणतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. आधीच्या लॅबवर राग आहे माझा. एका स्टेनचं तर काम होतं.

त्या एका शब्दानं डॉक्टरांचे प्रश्नच बदलले. दुखण्यावरची आयब्युप्रोफेन गोळी घेतो का? डोक्यातलं पाणी काढणारी नळी, शंट, बसवलाय? लिम्फोमा हा कॅन्सर, टेपवर्म या जंताच्या गाठी, सगळं एकेक करून बाजूला पडलं. मग विचारलं, "गेल्या तीन आठवड्यांत कच्चं काय खाल्लं? गोगलगाय, खेकडा, झिंगे, बेडूक?" मी नुसती मान हलवत होते, वाटलं, डॉक्टर थट्टा करतायत. तेवढ्यात भाऊ कण्हत म्हणाला, रोज सकाळी कच्च्या पानांचा रस पितो. पानं नळाखाली धरली न धरली की मिक्सरमध्ये.

डॉक्टरांचा संशय गेला तो अँजिओस्ट्राँगायलस कँटोनेन्सिसवर, उंदराच्या फुप्फुसाच्या धमन्यांत राहणाऱ्या जंतावर. १९३५ साली चीनमधल्या कँटनच्या उंदरांत सापडला, त्यावरून हे नाव. उंदराच्या लेंडीतून त्याच्या अळ्या गोगलगायीत जातात आणि गोगलगाय खाल्ली की परत उंदरात. पानाला चिकटलेली नखाएवढी गोगलगाय माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि बहुधा तिथेच मरतात. त्या मरताना शरीर जो दाह धरतं, तेच हे दुखणं. २००० साली जमैकाहून शिकागोला परतलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटातले १२ जण असेच आजारी पडले होते; तिथे बोट ठेवलं गेलं ते एका जेवणातल्या सॅलडवर. भावाच्या पाण्यात अळी काही दिसली नाही, ती क्वचितच दिसते म्हणे. पीसीआर या जनुकीय चाचणीनं खात्री झाली.

अँटिबायोटिक बंद झालं, दोन आठवडे दाह कमी करणारं स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन, दिलं. जंताचं औषध द्याच, म्हणून मी हट्ट धरला होता. त्या औषधाचा, अल्बेंडॅझोलचा, फायदा पक्का ठरलेला नाही आणि अळ्या एकदम मेल्या तर सूज वाढायची भीती असते, असं समजावून डॉक्टरांनी ते टाळलं. डोक्यातला दाब उतरवायला मात्र तिसऱ्यांदा पाणी काढावं लागलं. त्यानंतर उताणा पडल्या पडल्या तो म्हणाला, "ताई, डोकं हलकं झालं गं." आणि तीन तास झोपला. त्या नळीवरचं लेबलही तुमच्याच अक्षरात होतं, ओळखलं मी.

आता तो कामावर जातो. पायाला अजून झिणझिण्या येतात, त्या हळूहळू जातील म्हणतात. रस बंद आहे. पुढच्या गुरुवारी तपासणीला येतोय आणि त्याला ती स्लाइड बघायचीय. मी केलेल्या वर्णनावर त्याचा विश्वास नाही. ठेवली असेल तर दाखवाल का? आम्ही खिडकीशी उभे राहू.

तुमची आभारी,
त्याची ताई