होडी माघारी वळवणाऱ्या तांडेलाचे भाडे कापू नका

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मालवण तालुक्यात आमची निवास-न्याहारीची सोय आहे आणि आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांना डॉल्फिन पाहण्यासाठी किंवा गळाने मासे पकडण्यासाठी होडी ठरवून देण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या हिवाळ्यातील एका प्रसंगावरून हे पत्र लिहीत आहे.

चार पाहुण्यांनी सकाळी सात ते दुपारी एक अशी होडी भाड्याने घेतली होती. त्या दिवशी दशमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, या आमच्याकडच्या जुन्या हिशेबाने भरती साडेसातची, म्हणजे दीडच्या पुढे सुकती (पूर्ण ओहोटी). साडेदहाच्या सुमारास, गळाला नुकते मासे लागू लागले असताना, तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, नांगर उचलला. जमिनीवरून येणारा मतलई वारा पडून समुद्रावरून येणारा खारा वारा नेहमीपेक्षा लवकर सुटला होता आणि तो वाढत असल्याची खूण, म्हणजे पश्चिमेला पाण्यावर काळसर पट्टा, दिसू लागला होता. पाहुण्यांच्या डोळ्यांना मात्र समुद्र शांतच दिसत होता आणि ऊनही छान पडले होते. किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांनी अर्धे भाडे परत मागितले, ते घेतले आणि वर मोबाईलवर एक तारा देऊन "वेळेआधी परत आणले" असा शेराही मारला.

तांडेलाचे काय चुकले? परतीच्या वाटेवर, कर्लीची खाडी समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमावर, ओहोटीला खाडीचे पाणी बाहेर ओढ घेत असते आणि त्याच वेळी समोरून वारा लाटा आत ढकलत असतो. हे दोन्ही उथळ वाळूवर भिडले की, जी लाट खोल पाण्यात होडीला नुसती डोलवते, तीच तेथे उभी राहून फुटते. आत शिरताना अशी लाट मागून येते, होडीची मागची बाजू उचलते, सुकाणू पाण्याला धरत नाही आणि होडी आडवी होते. एक वाजता, पाणी जवळजवळ सर्वांत कमी आणि वारा भरात असताना तेथून आत येण्यापेक्षा साडेदहाला परतणे, हेच त्याचे कसब होते. दुसऱ्या दिवशी तो मला एवढेच म्हणाला, "पैसे परत मागतत, मगे होडी कित्याक वळवूची?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून निघालेल्या प्रवासी बोटीच्या दुर्घटनेनंतर लाइफ जॅकेटबाबत कडकपणा आला, ही चांगली गोष्ट झाली. (छायाचित्र काढून होताच जॅकेटचे बक्कल सोडणारे पाहुणे मी रोज पाहतो, तो भाग वेगळा.) परंतु जॅकेटचा उपयोग माणूस पाण्यात पडल्यावर, तो पडूच नये यासाठीचा निर्णय तांडेलाचा असतो. पावसाळ्यात समुद्र बंद ठेवण्याचा निर्णय सरकार घेते, उरलेल्या महिन्यांत तो रोज त्यालाच घ्यावा लागतो. तारकर्लीजवळ २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तोही मोसम संपता संपताच. मुंबईत तासावर मिळणाऱ्या यॉटवर तर ही अडचण अधिकच आहे, कारण तेथे आरक्षण घेणारा माणूस दूर कुठेतरी फोनवर असतो, शीड आवरायचे की नाही हे पाहणारा पगारी असतो आणि पाहुण्यांना सूर्यास्ताची वेळ गाठायची असते.

म्हणून महाराष्ट्र सागरी मंडळाने परवान्याच्या अटींतच एक कलम घालावे. निघण्यापूर्वी तांडेलाने नकार दिल्यास पूर्ण पैसे परत मिळावेत. निघाल्यानंतर हवामानामुळे तो माघारी वळला तर मात्र भाडे पूर्ण द्यावे लागेल आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जाईल. हे पावतीवर मराठीत आणि हिंदीत ठळक छापावे. वारा नसताना पैशांसाठी वळणारा एखादा निघेलही, पण अशा माणसाचे नाव गावात आठवड्याभरात सर्वांना ठाऊक होते.

या मोसमापासून मी पाहुण्यांना ही अट आधीच लेखी देतो. एका कुटुंबाने त्यावरून होडी रद्द केली. बाकीच्यांनी वाचून सही केली.

आपला,
एक वाचक, मालवण