आधी आकाशातले नियम ठरवा, मग विमाने उतरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात लहान विमाने आणि हेलिकॉप्टरे वाढावीत, अशी पत्रे या स्तंभात अलीकडे बरीच वाचायला मिळतात. मागणी रास्त आहे. इथला अत्यवस्थ रुग्ण रस्त्याने मुंबईला नेताना काय हाल होतात, ते महामार्गालगत राहणाऱ्यांना सांगायला नको. पण चर्चा होते ती धावपट्टीची लांबी, टर्मिनल आणि तिकिटाचा दर यांचीच. जिथे विमानांना सूचना देणारा नियंत्रण मनोरा नाही तिथे दोन विमाने एकमेकांवर आदळू नयेत म्हणून काय करणार, हे कुणीच विचारत नाही.

मी मर्चंट नेव्हीतून कप्तान म्हणून निवृत्त झालो. विमान कधी चालवलेले नाही, पण माझी पुतणी वैमानिकाचे प्रशिक्षण घेते आहे. तिची पुस्तके चाळताना दिसले की समुद्रावरचे आणि आकाशातले नियम बरेचसे सारखेच आहेत. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचे. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरा आहे त्याने बाजू द्यायची.

रात्रीच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याला, लांबवर दुसऱ्या जहाजाचा दिवा दिसला की आम्ही कंपासवर त्याचे बेअरिंग, म्हणजे तो कोणत्या दिशेला आहे ते, घ्यायचो आणि थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचो. बेअरिंग सरकले तर तो पुढून किंवा मागून निघून जाणार. बेअरिंग तेच आणि दिवा मात्र मोठा होतोय, तर टक्कर ठरलेली. मिरकरवाड्याबाहेर ट्रॉलर चालवणारा तांडेलही कंपासशिवाय हे ओळखतो. विमानातही हेच लागू आहे, पण तिथे हाताशी वेळ नसतो. शिवाय आपली नजर हलणारी वस्तू चटकन टिपते, आणि टकरीच्या वाटेवर असलेले विमान समोरच्या काचेवर जागचे हलतच नाही. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत ते काचेवर चिरडलेल्या चिलटाच्या डागाएवढेच दिसते. मग एकदम मोठे होते.

वस्तू दिसणे, ते विमान आहे हे ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे, यात मिळून साडेबारा सेकंद जातात, असा अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा हिशेब आहे. प्रत्येकी ९० नॉट (ताशी ९० सागरी मैल) वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन लहान विमानांमधले अकराशे मीटरहून जास्त अंतर तेवढ्यात संपते. त्यात एकाचे पंख वैमानिकाच्या डोक्यावर आणि दुसऱ्याचे त्याच्या पायांखाली जोडलेले असले, तर पहिल्याला वरचे दिसत नाही, दुसऱ्याला खालचे. पहिले खाली आणि दुसरे त्याच्या वर असे उतरत आले तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

रेडिओवर बोलले की झाले, असेही नाही. कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलच्या विमानतळाला मनोरा नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी तिथे एक छोटे सेसना १५२ धावपट्टीभोवती फेऱ्या मारत उतरण्याचा सराव करत होते. दोन इंजिनांचे सेसना ३४० त्या फेरीत न शिरता लांबून थेट उतरायला आले. दोन्ही वैमानिक आपापली जागा रेडिओवर सांगत होते. पण मोठ्या विमानाचा वेग सुमारे १८० नॉट होता, उतरताना असायला हवा त्याच्या कितीतरी जास्त. मागून कोणीतरी भरधाव येतेय हे छोट्या विमानाच्या वैमानिकाला उमगले आणि उतरणे सोडून पुन्हा वर जातो असे त्याने सांगितले, तेव्हा फार उशीर झाला होता. तीन माणसे गेली. अमेरिकेतल्याच इलिनॉयमधल्या क्विन्सीला १९ नोव्हेंबर १९९६ रोजी तर उत्तरच भलत्याचे आले. उतरणाऱ्या प्रवासी विमानाने विचारले, उड्डाणाच्या तयारीतले विमान थांबणार आहे ना? उत्तर दिले ते त्या दुसऱ्या विमानाच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाने. दोन धावपट्ट्या छेदतात तिथे टक्कर होऊन १४ जण मेले. त्याच्या आठवडाभर आधी आपल्याकडे हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जीव गेले होते, आणि तिथे तर नियंत्रक होता. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. छोट्या विमानांत ती सहसा नसते.

आता आपल्याकडे पाहा. निवडणुकीच्या दिवसांत कॉलेजच्या मैदानावर हेलिपॅड तयार होते. टँकरने पाणी मारून धूळ बसवतात, चुन्याने एच आखतात, बंब आणि पोलीस उभे राहतात. खालची तयारी चोख असते. त्याच दुपारी शेजारच्या तालुक्यातल्या सभेचे हेलिकॉप्टर कोणत्या उंचीवर, कोणत्या बाजूने निघाले, हे या वैमानिकाला कोण सांगते? किनाऱ्याने जाणारा प्रत्येक जण वाट चुकू नये म्हणून पुळणीच्या रेषेवरूनच उडतो. मार्च-एप्रिलमध्ये खाऱ्या धुरकट हवेत क्षितिज पुसट होते, आणि दुपार कलली की पश्चिमेकडे तोंड केलेल्याला समोरचे काही दिसत नाही.

म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे माझे मागणे आहे. कोकण किनाऱ्यावरच्या मनोरा नसलेल्या सर्व धावपट्ट्या आणि हेलिपॅडसाठी रेडिओची एकच सामाईक फ्रीक्वेन्सी ठरवा आणि नकाशावर छापा. दहा मैल अलीकडूनच प्रत्येकाने मी कोण, कुठे, किती उंचीवर आणि काय करणार, हे सांगावे. जागा सांगताना जयगड, रत्नदुर्ग, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड अशी वरून ओळखू येणारी ठिकाणे ठरलेली असावीत. बाहेरून आलेल्या वैमानिकाला वाडीचे नाव सांगून उपयोग नाही. किनारा आपल्या डाव्या हाताला ठेवण्याची शिस्त काही देशांत शिकवतात. ती इथे लावली तर गोव्याकडे जाणारा समुद्राच्या बाजूने जाईल, मुंबईकडे येणारा जमिनीच्या बाजूने. एका इंजिनाच्या विमानाने मात्र इंजिन बंद पडले तरी तरंगत किनारा गाठता येईल इतपतच समुद्रात जावे. धावपट्टीभोवतीची फेरी सर्वांनी एकाच दिशेने घ्यावी आणि फेरीत कोणी असेल तर लांबून थेट घुसू नये, मग विमानात मंत्री असोत की उद्योगपती. इथे येणाऱ्या प्रत्येक विमानात आणि हेलिकॉप्टरमध्ये ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपली ओळख आणि उंची रेडिओने आपोआप कळवणारे यंत्र, चालू असलाच पाहिजे.

आणि हे सगळे झाले तरी वैमानिकाचे डोळे बाहेर हवेत. आकाशाचा थोडा थोडा तुकडा घेऊन प्रत्येकावर निदान एक सेकंद नजर ठरवायची, असे पुतणीला शिकवले आहे. हल्ली कॉकपिटमधल्या पडद्यावर इतर विमाने दिसतात, पण ज्याचा ट्रान्सपॉन्डर बंद आहे तो त्यात दिसत नाही. रडारवर न उमटणाऱ्या लाकडी होड्या आम्ही ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीच्या, बाजूच्या उघड्या सज्जावर उभे राहून डोळ्यांनीच शोधल्या आहेत.

यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा खर्च नाही. रत्नागिरीहून प्रवासी विमान सुटावे म्हणून जी मंडळी पाठपुरावा करत आहेत, त्यांनी आपल्या पुढच्या निवेदनात हा विषय पहिल्या क्रमांकावर घालावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जहाज कप्तान,
रत्नागिरी