घरपट्टीचा ठसा वर्तमानपत्रात छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरपट्टी भरल्याची पावती माझ्या हातात, आणि खिडकीपलीकडचा मुलगा म्हणतो, "काका, सिस्टिमला दिसत नाही." पावतीवर शिक्का, सही, तारीख, सगळे जागच्या जागी. तरी शास्तीसकट थकबाकी माझ्याच नावावर! तिसऱ्या खेपेला नोंद 'सापडली'. मधल्या काळात ती कुठे होती, कोणी हलवली, हे कोणालाच सांगता येईना.

आता आमच्या प्रभागाच्या बैठकीत सांगतात की स्मार्ट सिटीत हे सारे ब्लॉकचेनवर जाणार. मी 31 वर्षे तलाठी होतो. जमीन दुसऱ्याच्या नावे झाली तरी सातबाऱ्यावरचे जुने नाव आम्ही खोडत नसू. त्याला कंस करायचा आणि फेरफार क्रमांक टाकायचा. म्हणून आजही नातवाला आजोबांचे नाव वाचता येते. ब्लॉकचेन मला कळली ती यावरूनच. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्याचा एक ठसा निघतो, त्याला हॅश म्हणतात. तो पुढच्या गठ्ठ्यात गुंफतात, अशी गठ्ठ्यांची साखळी होते. मागचा एक आकडा कोणी बदलला की तिथून पुढचे ठसे जुळत नाहीत.

गडचिरोलीतल्या एटापल्लीत 2022 मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी ही पद्धत वापरली, तीही पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीवर. सार्वजनिक, म्हणजे जिच्या प्रती बाहेर अनेकांकडे असतात, हे महत्त्वाचे. साखळीच्या सगळ्या प्रती महापालिकेच्याच सर्व्हर खोलीत राहिल्या, तर तिथल्याच माणसांना ती नव्याने जुळवता येईल, आणि बाहेर कोणाला पत्ताही लागणार नाही. एकाच कपाटातले दप्तर ते, कुलूप फक्त महाग.

बाहेर साक्षीदार हवा. त्याला फार खर्चही नाही. हेबर आणि स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी 1991 मध्ये कागदपत्रांवर तारखेची मोहोर उठवण्याची अशीच युक्ती मांडली, आणि 1995 पासून त्यांच्या कंपनीकडच्या नोंदींचा ठसा दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापून येऊ लागला. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या बिटकॉइन या चलनाचे तेव्हा नावही नव्हते. छापून घरोघरी गेलेला अंक परत कोण गोळा करणार?

एक भीती मात्र आहे. माझ्या पत्नीचे नाव 'सुमन', दप्तरी 'सुमण'. चुकीची नोंद साखळीत गेली की ती चुकीचीच पक्की होते. तेव्हा दुरुस्तीची नवी नोंद, कोणी केली त्याच्या नावासह, कंसाच्या पद्धतीनेच व्हावी. आणि आमची नावे, फोन नंबर साखळीवर चढवू नका; ठसा पुरे.

महापालिकेने दर सोमवारी घरपट्टीच्या वसुलीचा ठसा आपल्या अंकात जाहीर नोटिशींच्या पानावर द्यावा, आणि पावतीवरून त्याच्याशी ताळा घेण्याची सोय करावी. 64 अक्षरांची एक ओळ, 'हरवले आहे'च्या शेजारी. कात्रण काढून मी ते पावतीला टाचणीने लावीन.

आपला,
एक निवृत्त तलाठी
(नाव व पत्ता संपादकांकडे)