कार्ड विकता, पण एसएमपीएस कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की घराघरात मुलांची ग्राफिक्स कार्डासाठी भुणभुण सुरू होते, पेपरातही जाहिराती येतात, त्यात कार्ड किती जीबीचं, किंमत काय, हप्ता किती एवढंच असतं. त्याला वॉट किती लागतात, आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या भागाला, म्हणजे एसएमपीएसला, ते झेपतील का, हे कुठेच नसतं. आमच्याकडे जे झालं ते अजून कोणाकडे होऊ नये म्हणून लिहितोय, पत्र जरा लांबलंय पण शक्य तर पूर्ण छापा.

आमचा घरचा कॉम्प्युटर २०१४ चा, इंटेलचा आय५ ४५७० प्रोसेसर, बाकी सगळं तेव्हा इथेच असेंबल करून घेतलेलं. माझ्या पुतण्याला ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रं आणि अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर, शिकायचंय, त्याने वर्षभर शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं. दुकानात त्याने स्वतःहून सांगितलं की कॉम्प्युटर जुना आहे, एसएमपीएस ४५० वॉटचा आहे. उत्तर आलं, "चल जाएगा भिया." कार्डाला ८ पिनची वायर लागते आणि ती आमच्या एसएमपीएसला नव्हतीच, तर त्यांनी जुन्या हार्डडिस्कच्या ४ पिनवाल्या वायरींवरून ८ पिन करणारा एक कन्व्हर्टर हातात ठेवला.

घरी लावलं तर मस्त चालू झालं, पोरगं खूश. पण रेंडर, म्हणजे ब्लेंडरमधलं पक्कं चित्र बनवायचं काम, लावला की कॉम्प्युटर फटकन बंद. आम्ही दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसलो, विंडोज परत टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी जळका वास आला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. कार्ड वाचलं, हे नशीब.

मग मी तो एसएमपीएस बाहेर काढून त्याच्यावरचं लेबल नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५०, आणि खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १६ अँपियर. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं पोट याच १२ व्होल्टवर भरतं, बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या नावावर लिहिलेले, ते इथे काही कामाचे नाहीत. आता हिशोब करा, ३०६० ला १७० वॉट, प्रोसेसरला ८४, झाले २५४, आणि पंखे-डिस्क अजून धरलेच नाहीत. त्यात कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्याही वर उडी मारतं. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ते १५-२० वॉटवर बसून असतं म्हणून आधी सगळं ठीक वाटलं, आणि आम्ही सॉफ्टवेअरला दोष देत राहिलो.

कन्व्हर्टरचं तर मला फारच वाईट वाटतं. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनमधून अजून ७५, ८ पिनमधून १५०. ती ८ पिन एसएमपीएसमध्ये दिलेलीच नाही म्हणजे बनवणाराच सांगतोय की एवढा लोड माझ्यावर टाकू नका. साटा (नव्या हार्डडिस्कच्या) वायरीवरून ८ पिन करणारेही मिळतात, ते तर अजून वाईट, कारण साटाचा प्लग १२ व्होल्टवर साडेचार अँपियरचाच, म्हणजे ५४ वॉट, त्याच्या वर प्लग वितळू शकतो.

ज्यांना एसएमपीएस बदलायचा नाही त्यांनी पिनची वेगळी वायर न लागणारं कार्ड घ्यावं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॉटमध्ये चालतं, जीटीएक्स १६५० ही ७५ चं आहे पण त्यातल्या काहींना ६ पिन असते, ते बघून घ्या. आणि ३०६० च हवं असेल तर त्याची चिप बनवणारी एनव्हिडिया स्वतः ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, त्यातही १२ व्होल्टचे अँपियर वाचूनच घ्या. ऑफिसातून निघालेले ब्रँडेड सेकंडहँड कॉम्प्युटर आजकाल खूप जण घेतात, त्यांच्यात एसएमपीएसचा आकार आणि मदरबोर्डचा प्लग बऱ्याचदा वेगळाच असतो, बाजारातला साधा बसत नाही. आधी कॅबिनेट उघडून बघा. ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तोही साधारण ३६० वॉटचाच असतो, हेही धरा.

माझी इंदूरच्या दुकानदारांना कळकळीची विनंती आहे, कार्ड देण्याआधी गिऱ्हाईकाकडून एसएमपीएसच्या लेबलचा मोबाईलवर फोटो मागा, दोन मिनिटं लागतात. आणि संपादक साहेब, तुमच्या पेपरात जाहिरात घेताना जीबीच्या शेजारी वॉट आणि पिन छापायला त्यांना सांगता आलं तर बघा. पुतण्याचं कार्ड अजून डब्यातच आहे, मदरबोर्डसाठी तो परत शिकवण्या घेतोय.

आपला एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर