यिर्मयाचे पत्र अर्धेच वाचू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत आध्यात्मिक यशाच्या, म्हणजे विश्वासाने मागा, हमखास मिळेल असे सांगणाऱ्या पुस्तकांवर अर्धे पान खर्ची घातलेले पाहिले. जाता जाता लेखकाने आम्हालाही त्यात ओढले आहे. ख्रिस्ती कुटुंबांतही म्हणे ही पुस्तके आता बायबलच्या शेजारी दिसतात. दिसतात, खरे आहे. आमच्याही घरात एक होते. ते कसे आले आणि काय करून गेले, हे विचारायला लेखक भुसावळला आले असते तर चहा पाजून सांगितले असते.

माझा धाकटा भाऊ किडनीने आजारी होता. डायलिसिससाठी जळगावच्या फेऱ्या चालू होत्या. त्या दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका सज्जनांनी भावजयीच्या हातात एक भाषांतरित पुस्तक ठेवले. गुळगुळीत कागद, कव्हरवर उगवता सूर्य. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी भरायच्या रिकाम्या जागा. ‘मी देवाकडे मागतो’ आणि पुढे ठिपक्यांची ओळ. त्याखाली ‘ते मला मिळाले असे मी मानतो, दिनांक’ आणि पुन्हा ठिपके. भावजयीने पेन्सिलीने लिहिले होते, ‘क्रिएटिनिन 1’, म्हणजे रक्ततपासणीतला किडनीचा आकडा. तारखेच्या जागी 25 डिसेंबर. भाऊ हसायचा. ‘डॉक्टरले इचार, पुस्तकले काय माहीत,’ म्हणायचा. शेवटच्या पानावर मात्र ‘विश्वासाचे बी पेरा’ असे लिहून खाली बँकेचा खाते क्रमांक दिला होता. तिथे तिने त्याला न सांगता पैसे भरले. किती, ते तिने मलाही सांगितलेले नाही.

आमच्याकडे कपाशीचे बियाणे उगवले नाही तर कृषी खात्याकडे तक्रार करता येते, माणसे शेतात येऊन पंचनामा करतात. या बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन कोणाच्या दारात जायचे?

नाताळच्या आधीच भाऊ गेला. कबरस्तानातून परतल्यावर घरी प्रार्थना झाली आणि तेच सज्जन चहाचा कप हातात घेऊन भावजयीला म्हणाले, ‘वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण कुठेतरी विश्वास कमी पडला.’ पाळकसाहेब मध्ये उभे होते म्हणून मी गप्प बसलो. ती बाई आजही उपासनेला येते, पण मागच्या बाकावर बसते आणि साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केले ते सर्वांपुढे सांगायला, उठत नाही.

त्या पुस्तकात पानोपानी एकच वचन होते, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, 29:11. देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. हल्ली ते कपांवर, की-चेनवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर असते. हे वचन ज्या पत्रातले, ते यिर्मयाने लिहिले आहे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना, आणि लगेच आदल्या वचनात मुदत दिली आहे: 70 वर्षे. म्हणजे ज्यांना ते वाचून दाखवले त्यांतली बहुतेक मोठी माणसे तिथेच मरणार होती. म्हणून त्याच्याही वर सांगितले आहे की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. 70 वर्षांचे ते दहावे वचन छापलेला कप मला अजून दुकानात दिसलेला नाही.

एक अध्याय मागे जा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. बाबेलला नेलेले सगळे दोन वर्षांत परत मिळेल, असे तो भर मंदिरात सांगतो आणि बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले जू काढून मोडून टाकतो. लोकांना तो किती आवडला असेल! यिर्मयासुद्धा आधी ‘आमेन, परमेश्वर तसेच करो’ म्हणतो. त्यालाही तेच हवे होते. पण खोटे म्हणून गेले ते हनन्याचेच भाकीत. तुमच्या लेखकाने ज्या पुस्तककर्त्यांची एवढी तारीफ केली आहे, ते सगळे या हनन्याचे वारसदार आहेत, आणि वरून सही मात्र यिर्मयाची ठोकतात.

2000 साली अमेरिकेत याबेसाच्या प्रार्थनेवर एक चिमुकले पुस्तक निघाले आणि लाखोंनी खपले. बायबलच्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकातल्या वंशावळीत याबेस या माणसाची अवघी दोन वचने आहेत, त्यातले ‘माझ्या मुलखाचा विस्तार कर’ एवढेच लोकांनी उचलले. असो.

या लोकांचा हिशेब पंडिता रमाबाईंना लावून बघा. हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात ज्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घातली, केडगावला मुक्ती मिशनमध्ये निराधार बायकामुलींना सांभाळले, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. आता कोणीतरी चहाचा कप घेऊन पुढे यावे आणि सांगावे, बाईंचा विश्वास नेमका कुठे कमी पडला ते.

इतर धर्मांतल्या अशा पुस्तकांबद्दल त्या त्या लोकांनी लिहावे, मी आमच्यापुरते बोलतो आहे. मात्र त्या लेखाच्या बरोबर खाली ‘नोकरी, धंदा, प्रेमविवाह, 24 तासांत हमखास उपाय’ अशी एका बाबाची जाहिरात आहे, मोबाइल नंबरसकट. वरचा लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे मला चष्मा लावूनही पटकन कळले नाही. जाहिरात विभागाचा पगार निघायला हवा हे समजते, पण निदान पान तरी वेगळे ठेवा.

पत्र लांबले आहे, कापावे लागेल याची कल्पना आहे. कापायचेच तर याबेस कापा, यिर्मया नको. मागच्या वेळी पाण्याच्या टाकीबद्दल लिहिले होते, त्यातली टाकीच गाळून आपण माझा नमस्कार तेवढा छापला होता.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ