टाकी कोणती होती, तेवढे विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गॅस किटमुळे व्हॅन पेटली’ ही आपल्या अंकातली बातमी वाचली. शेजारी फोटोही होता. त्यात मागच्या सीटखालून अर्धवट बाहेर आलेला सिलिंडर स्पष्ट दिसतो, रंग जळून गेला असला तरी वरचे गोल कडे शाबूत आहे. तो घरगुती सिलिंडर आहे, १४.२ किलोचा, स्वयंपाकघरातला. त्याचे पाप किटच्या माथी का?

मी मिरजेत गाड्यांना एलपीजी किट बसवतो. बातमी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक गुरुजी त्यांची जुनी वॅगन आर घेऊन दारात. ‘मिस्त्री, टाकी काढूनच टाका, घरात कटकट चाललीय.’ मी डिकी उघडली, खालचा गालिचा उचलला आणि त्यांनाच आत वाकायला लावले. स्टेपनीच्या खड्ड्यात बसवलेली ती गोल टाकी. तिच्यावर पत्र्याची पट्टी, पट्टीवर टाकीचा नंबर आणि चाचणीची तारीख. व्हॉल्व्हभोवती हवाबंद डबा आणि त्या डब्यातून निघून गाडीच्या बुडाला भोक पाडून बाहेर सोडलेल्या नळ्या. डब्यात कुठे गळती झालीच, तर गॅस माणसे बसतात तिथे न येता रस्त्यावर जावा, एवढ्यासाठी त्या नळ्या. एलपीजी हवेपेक्षा जड. तो वर उडून जात नाही, खाली साचतो. म्हणून वास आला की नुसती काच खाली करून भागत नाही. इंजिन बंद करायचे, सगळे दरवाजे आणि डिकी सताड उघडायची, गाडीतल्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही.

ती टाकी ८० टक्के भरली की तिचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. पंपावर पोरगा ‘फुल’ म्हणतो तेव्हाही वरचा पाचवा हिस्सा रिकामाच असतो, कारण मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की आतला द्रव फुगतो. किल्ली बंद केली की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, गॅस अडवतो. पाइप तुटून गॅस जोरात सुटला, तरी अडवणारा व्हॉल्व्ह टाकीतच असतो. घरच्या सिलिंडरमध्ये यातले काय आहे? तो उभा ठेवायचा, शेगडीला जोडायचा. त्याला सीटखाली आडवा घातला की वाफेऐवजी द्रवच बाहेर येतो. वर तो भरायचा कुठे, तर कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये, एका सिलिंडरमधून दुसऱ्यात, विजेच्या मोटारीने. ती मोटार चालू असताना शेजारी उभे राहायची माझी छाती नाही. आणि अशाच व्हॅनमधून पोरे शाळेत जातात.

गाडीत एलपीजी वापरायला २००० साली रीतसर परवानगी मिळाली. टाकीला नागपूरच्या ‘पेसो’ची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याची, मान्यता लागते, आरसीवर इंधनाची नोंद लागते, विमा कंपनीला कळवावे लागते, दर पाच वर्षांनी टाकी उतरवून हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते. हे सगळे करणाऱ्या माणसालाही बातमीत त्याच शेडवाल्याच्या पंगतीला बसवले जाते, याचा राग आहे.

आमच्या धंद्यातले सगळेच धुतल्या तांदळासारखे आहेत, असे माझे म्हणणे नाही. गोल टाकी बसली की स्टेपनी डिकीत मोकळी पडते आणि गिऱ्हाईक सामानाच्या जागेवरून हुज्जत घालते. मग काहीजण जागा वाचवायला व्हॉल्व्हवरचा डबाच बसवत नाहीत. डबा असला तरी नळ्या बाहेर न काढता गालिच्याखाली दाबून टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, कारण गाडी चालते तर झकास. म्हणून पासिंगच्या वेळी नुसती आरसीवरची नोंद बघून शिक्का मारू नये. डिकी उघडावी, पट्टीवरची तारीख वाचावी, गाडीखाली वाकून नळ्यांची तोंडे दिसतात का बघावे. दोन मिनिटांचे काम आहे.

ऑटो एलपीजीचे पंप हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि घरगुती गॅस स्वस्त, तोवर त्या शेडला गिऱ्हाईक मिळणारच. धाड पडते, फोटो छापून येतो, आठवड्याने मोटार परत सुरू. त्यावर पुरवठा खात्याने काय करायचे ते करावे.

आपल्या वार्ताहरांना मात्र एक विनंती. पुढची गाडी पेटेल तेव्हा पंचनामा करणाऱ्या पोलिसांना एवढे विचारा, की आत टाकी होती की घरगुती सिलिंडर, आणि टाकी असेल तर पट्टीवर चाचणीची तारीख कोणती. जे उत्तर मिळेल ते मथळ्यात छापा. टाकी आमचीच निघाली आणि तिच्या नळ्या गालिच्याखाली सापडल्या, तर तेही छापा.

आपला,
एक गॅस किट फिटर, मिरज