‘पाहता पाहता’ काही झाले नाही

संपादक महोदय,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा सवयीने, हातात पेन्सिल घेऊन. दुसऱ्यांदा मजकुरासाठी. पेन्सिलीच्या अकरा खुणा झाल्या आहेत, त्यांचे नंतर बघू.

विषय घेतलात याबद्दल आधी आभार मानते, नाहीतर म्हणाल बाई नुसती भांडायला बसली. हल्ली पुरवणीत पदार्थ आणि पर्यटन यांच्यामधून पुस्तकांना जागा मिळते हेच खूप. पण लेखकमहाशयांना ‘पाहता पाहता’ या दोन शब्दांचे इतके वेड का? जावजी दादाजींनी १८६९ साली छापखाना काढला आणि पाहता पाहता तो नावारूपाला आला. पाहता पाहता पंचांग घरोघर गेले. पाहता पाहता काव्यमाला ही संस्कृत ग्रंथमाला निघाली. चार वेळा मोजले मी. पाहत कोण बसले होते तेवढे लिहायचे राहिले.

अहो, जावजींचा जन्म १८३९चा. घरची गरिबी. दहाएक वर्षांचा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागला, महिना दोन रुपयांवर, टाइप म्हणजे छपाईचे शिशाचे खिळे घासायला. ओतून आलेल्या खिळ्याची कड राहिली तर तो शेजारच्या खिळ्याला नीट टेकत नाही, ओळ वाकडी होते. म्हणून एकेक खिळा घासायचा. तिथे टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली देवनागरीचे खिळे घडत होते, तिथे हा मुलगा शिकला. मग दुसऱ्यांच्या छापखान्यांत नोकऱ्या केल्या. १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला, आणि छापखाना त्यानंतर पाच वर्षांनी. तोवर गृहस्थ तिशीला आले होते. वीस वर्षे शिसे हाताळल्यावर जे झाले ते ‘पाहता पाहता’ झाले असे म्हणायचे असेल, तर आमच्या गल्लीतले गटारही पाहता पाहताच झाले म्हणायचे.

त्याहून राग आला तो ‘एका सहकाऱ्याच्या मदतीने’ या तीन शब्दांचा. त्या सहकाऱ्याला नाव आहे. राणोजी रावजी आरू. जावजींचा मिशनच्या छापखान्यापासूनचा सोबती. निर्णयसागरच्या ज्या अक्षराचे आपल्या लेखात ‘मोत्यांसारखे’ म्हणून कौतुक केले आहे, ते अक्षर या माणसाच्या हातचे. पोलादाच्या दांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यात ठोकायचे आणि त्या ठशातून खिळे ओतायचे, असे ते काम. देवनागरीला पुन्हा काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांची पलटण. एक ‘क्ष’ जाड झाला तर सगळे पान डोळ्यांत खुपते. तर मोती छापले आणि ज्याने घडवले तो ‘एक सहकारी’. मालकाचे मात्र जन्मसाल, मृत्युसाल (१८९२, हे बरोबर आहे), स्वभाव आणि पागोट्यासकट रेखाचित्र!

मी इतकी का चिडते ते सांगते. मी चोवीस वर्षे मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासली. त्यातली पंधरा पुण्यातल्या एका प्रकाशकाकडे. नाव सांगत नाही, माणसे आता नाहीत आणि नातू सज्जन आहेत. खिळ्यांचे दिवस होते. पहिले मुद्रित गॅलीचे, म्हणजे पाने पाडण्याआधीच्या लांब पट्टीचे, दुसरे पानांचे, आणि तिसरे, शेवटचे, मशीनवर फर्मा (एकदम छापायच्या पानांचा संच) चढल्यावर. त्या शेवटच्या मुद्रिताचा कागद ओलसर असायचा, शाई बोटाला लागायची. घरी गेल्यावर पोळ्या लाटण्याआधी रॉकेलने हात पुसायचे.

एका कथासंग्रहाच्या चौथ्या फर्म्यावर, मशीन सुरू झाल्यावर, मला दिसले: ‘आईने मात वाढला.’ तिसऱ्या मुद्रितापर्यंत ‘भात’ होता, मी स्वतः पाहिला होता. त्यानंतर मशीनवर फर्मा आवळताना तो खिळा तुटला होता आणि खिळेजुळाऱ्याने घाईत ‘भ’च्या खणातून दुसरा उचलून बसवला होता. त्या खणात मागच्या कामाचे खिळे परत टाकताना कुणीतरी ‘म’ टाकून ठेवला होता. खणात हात जातो तो नजरेने नाही, सवयीने जातो. मी मशीन थांबवायला सांगितले. चाळीसेक कागद छापून झाले होते. मालक आतून आले. म्हणाले, “बाई, एका अक्षरासाठी अकराशेची आवृत्ती थांबवता? वाचणारा वाचून घेईल की!” मी काही बोलायच्या आत आमचे म्हातारे खिळेजुळारी, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी चिमट्याने ‘म’ उपसला, ‘भ’ बसवला, वर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने दोनदा टकटक केले आणि म्हणाले, “साहेब, आई मात वाढत नाही.” बस. मशीन पुन्हा सुरू. त्या आठवड्यात अण्णांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. म टाकणारा कोण होता ते अण्णांना ठाऊक होते, त्यांनी सांगितले नाही.

याच प्रकाशकांनी पुढे रौप्यमहोत्सवी स्मरणिका काढली. ‘आमची वाटचाल’. त्यात मालक, मालकांचे वडील, मालकांची पहिली स्कूटर (हो, छायाचित्रासकट), चौदा लेखकांचे आशीर्वाद. अण्णा नाहीत. मशीनवाला नाही. शेवटच्या पानावर ऋणनिर्देशात आम्ही तिघे-चौघे एका ओळीत होतो, आणि माझ्या आडनावातल्या ‘ळ’चा ‘ल’ झाला होता. मुद्रितशोधकाचे आडनाव! स्मरणिकेची मुद्रिते माझ्याकडे आली नव्हती हे वेगळे सांगायला नको. ‘तुम्हालाच सरप्राइज द्यायचे होते,’ असे मला सांगण्यात आले. मिळाले.

तेव्हा प्रकाशनसंस्थेच्या वाटचालीवर कुणी लिहायला घेतले की मी आधी शेवटचे पान उघडते. आपल्या लेखात तर शेवटचे पानही नाही.

माझ्याकडे निर्णयसागरच्या सुभाषितरत्नभांडागाराची एक जुनी प्रत आहे, वडिलांची. पुठ्ठा केव्हाच गेला, शिवण सुटली आहे. दहा हजारांच्या वर श्लोक आणि खाली मुंगीएवढ्या टाइपात शब्दांचे अर्थ. मुंगीएवढा म्हणजे खरोखर मुंगीएवढा. मला आता भिंग लागते. पण भिंगाखाली प्रत्येक रफार आपल्या जागी आहे, एकाही अनुस्वाराचा ठिपका उडालेला मला अजून सापडलेला नाही. शोधते आहे, सोडलेले नाही. हे काशिनाथ पांडुरंग परब यांचे काम. त्यांचेही नाव लेखात नाही. जयपूरच्या पंडित दुर्गाप्रसादांचे नाही. या दोघांनी १८८६ पासून काव्यमाला चालवली. कुठकुठल्या हस्तलिखित पोथ्या मिळवून, पाठ ताडून छापल्या. आजही संस्कृतवाले ‘निर्णयसागरची प्रत’ म्हणतात, तेव्हा त्यांना मालकाचे भांडवल आठवत नसते, हे तपासलेले पान आठवत असते. छापखाना वाढला तो यावर. जावजींनी ते ओळखले हा त्यांचा मोठेपणा, आणि तो फार मोठा आहे. टाइप घासलेल्या माणसालाच ते कळले असेल. नुसत्या पैसेवाल्याला कळले नसते, असे माझे मत. असो.

आपले लेखक मात्र लिहितात, ‘काव्यमाला ही धार्मिक पुस्तकांची मालिका’. धार्मिक! काव्यमालेत ध्वन्यालोक आहे, तो काव्यशास्त्राचा ग्रंथ. काव्यमालेत अमरुशतक आहे, ते शृंगाराचे काव्य. लेखकमहाशयांनी अमरुशतक एकदा उघडून पाहावे. कुठल्या धर्मात ते बसते ते मलाही कळवावे. शक्यतो घरात मोठी माणसे नसताना उघडावे.

निर्णयसागरचा विषय निघालाच आहे, तर आपल्या रोजच्या पंचांगाच्या चौकटीचेही बोलून घेते. आधी ती पहिल्या पानावर होती, मग आत गेली, आता शेअर बाजाराच्या आकड्यांखाली पोटमाळ्यावर टाकल्यासारखी पडलेली असते. ते चालेल. पण गेल्या संकष्टीला आपण चंद्रोदय ‘सकाळी ९.१२’ छापलात. आमच्या शेजारच्या काकू वयाच्या ऐंशीव्या वर्षीही संकष्टी करतात. त्या सकाळीच हातात तुमचा अंक घेऊन माझ्या दारात. “अगं, आज काय सकाळीच सोडायचा की काय उपास?” मी म्हटले, सोडा, पेपरवाल्यांनी परवानगी दिली आहे. त्यांनी सोडला नाही. रात्री ९.१२ ला गॅलरीत चंद्र दिसला तेव्हा तुमची चौकट दाखवून हसल्या. तुमच्याकडे आता मुद्रितशोधक नाहीत, संगणक तपासतो, असे ऐकते. संगणकाला ‘सकाळी’ हा शब्द शुद्ध वाटला असणार. आहेच तो शुद्ध.

अकरा खुणांपैकी चार वर आल्या. उरलेल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या आहेत, त्या कात्रणावर करून सोबत पाठवते. शीर्षकात ‘निर्णय सागर’ तोडून छापले आहे, तेवढे तरी जोडा. आणि राणोजी रावजी आरू यांच्या नावासह चार ओळींचे शुद्धिपत्र छापावे, पुरवणीतच, शेअर बाजाराखाली नको. आरू, दीर्घ ‘रू’. मुद्रित मला दाखवलेत तर फुकट तपासून देईन.

पत्र छापणार असाल तर माझे नाव छापू नये. छापलेत तरी कसे छापाल याची खात्री नाही.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
डोंबिवली (पूर्व)